हंटिंग बोवर कोणता रेस्ट (बाण टेकवायचा भाग) लावावा? पहिल्या सीझनला निघालेल्यासाठी सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. तुम्ही साताऱ्यात कॉलेजच्या दिवसांत रिकर्व्ह, म्हणजे चाकांशिवायचा साधा बो, मारायचात. आता अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला असता, आणि ऑफिसातल्या एकाने तिथल्याच बराबूजवळच्या त्याच्या जमिनीवर हरणांच्या शिकारीच्या आर्चरी सीझनला बोलावलंय. ५५ पौंडांचा जुना कंपाउंड, म्हणजे चाकं आणि केबल असलेला, बो घेतलात. त्यावर दोन दातांचा जुना रेस्ट आहे आणि बो जरा तिरका झाला की बाण त्यावरून घरंगळतो. दुकानात ४०-५० डॉलरपासून अडीचशेपर्यंतचे रेस्ट दिसतात, व्हिडिओंमध्ये ड्रॉप-अवे नावाच्या रेस्टशिवाय कोणी बोलत नाही, आणि तुमच्या मनात रिकर्व्हचा प्लंजर, म्हणजे बाणाला बाजूने टेकणारी स्प्रिंगची दांडी, आहे. तेव्हा सगळ्यात अचूक रेस्ट कोणता, प्लंजर चालेल का, आणि घरी बसवता येईल का, हे तुमचे तीन प्रश्न.

अचूकतेचा प्रश्न तुम्ही पहिला घातलात, पण तुमची गाडी अडलीय ती बाण घरंगळतो तिथे. मी उत्तर तिथूनच सुरू करणार. मी विस्कॉन्सिनमध्येच राहतो, आठवडाभर दुसरी नोकरी करतो, शनिवार-रविवार एका आर्चरी शॉपच्या बेंचवर लोकांचे बो लावून देतो आणि शरद ऋतूत स्वतः हरणांची वाट बघत झाडावर बसतो. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते इथल्या जंगलापुरतं आहे, कंपाउंड बो आणि मनगटाला बांधायचं रिलीज, म्हणजे बोटांऐवजी स्ट्रिंग धरून सोडणारं साधन, वापरणाऱ्या माणसासाठी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे. म्हणून साताऱ्याच्या तुमच्या जुन्या सरांना हा प्रश्न विचारलात तर ते टार्गेटच्या अनुभवातून सांगतील. तो सल्ला त्याच्या जागी चोख असतो, पण ती जागा वेगळी.

रेस्टला कामं दोन. स्ट्रिंग सोडेपर्यंत बाण जागेवर धरून ठेवायचा, हे पहिलं. स्ट्रिंग सुटल्यावर बाणाला सरळ वाट द्यायची आणि त्याच्या मागच्या प्लास्टिकच्या पिसांना, म्हणजे व्हेनना, न अडवता बाजूला व्हायचं, हे दुसरं. व्हिडिओंमध्ये जवळजवळ सगळा वेळ दुसऱ्या कामाला मिळतो, कारण ते स्लो मोशनमध्ये दाखवता येतं आणि बघायला भारी वाटतं. आता हिशेब करा. तुमची ड्रॉ लेंग्थ (पूर्ण ओढल्यावरचं माप) २८ इंच आणि ब्रेस हाइट (न ओढलेली स्ट्रिंग ग्रिपपासून किती लांब ते) ७ इंच धरली, तर स्ट्रिंग बाणाला ढकलते ते अंतर साधारण १९ इंच, कारण ड्रॉ लेंग्थच्या मापात पावणेदोन इंच वरचे धरलेले असतात. बाण शून्यापासून वेग घेत शेवटी सेकंदाला २५० फुटांनी निघतो असं धरलं, तर हे सगळं उरकायला सेकंदाचा साधारण ऐंशीवा भाग लागतो. रेस्टचं दुसरं काम तेवढ्यात संपतं. पहिलं काम पहाटे पाचला बाण लावल्यापासून हरीण येईपर्यंत चालू असतं. थंडीत, जाड हातमोज्यात, फांद्यांमधून, आणि तुमचे हात थरथरत असताना.

माझं म्हणणं एवढंच आहे की हंटिंगचा रेस्ट पहिल्या कामावर निवडावा. दुसरं काम बाजारातला कोणताही बरा रेस्ट नीट लावून घेतला तर २०-२५ यार्डांवर व्यवस्थित करतो.

आधी प्लंजर निकालात काढू. रिकर्व्हवर तुम्ही बोटांनी स्ट्रिंग सोडायचात. बोटांवरून सुटताना स्ट्रिंग थोडी आडवी सरकते, बाण आडवा वाकतो आणि लवलवत बोच्या कडेने निघतो. तो आडवा धक्का झेलायला स्प्रिंगवाला प्लंजर लागतो. कंपाउंडवर तुम्ही स्ट्रिंगला बांधलेल्या डी-लूपमध्ये रिलीज अडकवता. स्ट्रिंग जवळपास सरळ रेषेत जाते, आणि बाण जो काही वाकतो तो मुख्यतः वर-खाली. त्यामुळे बाजूच्या प्लंजरला फारसं काम उरत नाही आणि खालचा आधार कसा आहे याला महत्त्व येतं. कंपाउंड बोटांनी मारणारे जुने लोक अजून आहेत, त्यांनी प्लंजर किंवा स्प्रिंगवाला रेस्टच लावावा. तुम्ही त्यांतले नाही.

टार्गेटवाल्यांचा ब्लेड रेस्ट तुम्ही पाहिला असेलच. स्टीलची पातळ पट्टी आणि तिच्या टोकाच्या खाचेत बाण. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत आपल्या अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी कंपाउंडची दोन्ही वैयक्तिक सुवर्णं घेतली, तेव्हापासून मला इथे बसून मराठी घरांतून फोन येतात, मुलाला तसला रेस्ट पाठवा म्हणून. ५० मीटरच्या टार्गेटला ब्लेड उत्तम आहे. तिथे माणूस सपाट जमिनीवर ताठ उभा असतो, बाण लावतो आणि थोड्याच वेळात सोडतो. झाडावर वीस फुटांवर बसून कंबरेत वाकून खाली मारताना त्याच खाचेतून बाण सहज निसटतो. तुमच्या सध्याच्या दोन दातांच्या रेस्टचीही तीच गत, म्हणून त्याबद्दल वेगळं लिहीत नाही. काढून टाका.

राहिले दोन प्रकार. एक चारी बाजूंनी केसांनी बाण धरणारा, ज्याला सगळे व्हिस्कर बिस्किट म्हणतात. दुसरा ड्रॉप-अवे, म्हणजे बाण सुटताना खाली पडणारा.

बिस्किट म्हणजे एक जाड गोल चकती. मधे बाणाच्या जाडीचं भोक आणि भोकाच्या कडेला आत वळलेले ताठ केस, दाढीच्या ब्रशचे केस कापून बसवावेत तसे. खालच्या बाजूचे केस जास्त कडक असतात, त्यांच्यावर बाणाचा भार येतो. वरून एक तिरकी फट असते, तिच्यातून बाण आत सरकवायचा. एकदा आत गेला की बो आडवा करा, उलटा करा, झाडावर चढल्यावर दोरीने वर ओढून घेतलेला बो फांदीला टांगून त्यात बाण लावून ठेवा, तो हलत नाही. हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे अडकायचं, झिजायचं, सुटायचं काही राहत नाही. एक स्क्रू, एक चकती.

तोटे खरे आहेत आणि लोक ते सांगतात ते चूक नाही. बाण निघताना व्हेन केसांतून जातात. व्हेन लांब आणि मऊ असतील तर काही दिवसांत त्यांच्या कडांना लाटा पडतात. हेअर ड्रायरने गरम केल्या की बऱ्याच सरळ होतात, पण चिकटवलेली कड सुटत चालली असेल तर नवी व्हेन लावणंच बरं. खऱ्या पिसांचे बाण बिस्किटातून मारू नका, पिसांचा पार चोथा होतो. दोन इंचांच्या कडक, उंच व्हेन मात्र बिस्किटातून व्यवस्थित जातात. तिन्हींतली वेगळ्या रंगाची व्हेन मी वर ठेवतो, म्हणजे खालच्या कडक केसांच्या बरोबर मधे एकही येत नाही. भोकाचा साइज बाणाच्या जाडीला जुळला पाहिजे. हल्लीचे बारीक ४-५ मिलिमीटरचे कार्बन बाण मोठ्या भोकात लटपटतात, आणि मग लोक रेस्टला नावं ठेवतात.

वेग कमी होतो म्हणतात. होतो, सेकंदाला दोन-चार फुटांनी. याचा अर्थ काय होतो तेही पाहा. २५० ऐवजी २४७ फुटांनी बाण गेला, तर २० यार्डांवर तो जेमतेम पाव इंच खाली लागेल. तुमची साइट, म्हणजे नेम धरायची पिन, हाच रेस्ट लावलेल्या बोवर जुळवलेली असते, म्हणजे तो पाव इंचही साइटने आधीच खाऊन टाकलेला असतो. हरणाच्या हृदय-फुफ्फुसांचा भाग इथे सगळे आठ इंचांची कागदी थाळी समजून सराव करतात. पाव इंचासाठी शंभर डॉलर घालायचे का ते तुम्ही ठरवा.

बिस्किटाचा मला खरा वाटणारा तोटा बर्फाचा आहे. कोरडा भुरभुरीत बर्फ झटकला की जातो. पण पाऊस पडता पडता गोठायला लागला तर केसांमध्ये बर्फाचे खडे धरतात आणि बाण त्यांत चिकटू शकतो. अशा दिवशी दर थोड्या वेळाने बाण बोटाएवढा मागे-पुढे सरकवून मोकळा करायचा. आवाजही थोडा येतो. स्ट्रिंग ओढताना कार्बन केसांवरून घसरतो तेव्हा हलकी सळसळ होते. वारा असेल तर कोणाला कळत नाही. डिसेंबरच्या शांत संध्याकाळी, उणे दहा सेल्सियसला, पंधरा यार्डांवरच्या हरणीचे कान वळलेले मी पाहिलेत. ओढायचं तर तिचं डोकं झाडामागे गेल्यावर ओढायचं, हा त्यावरचा उपाय. तो कुठल्याही रेस्टला लागू आहे.

आता ड्रॉप-अवे. यात बाण एका छोट्या फाट्यावर, लाँचरवर, टेकतो. बाण पुढे निघाला की लाँचर खाली पडतो आणि व्हेनना काही लागत नाही. व्हेन कसल्याही असोत, चार लावा, वळवून लावा, अडचण नाही. तो खाली कसा पडतो यावर दोन जाती आहेत, आणि दुकानात पैसे देण्याआधी हा फरक समजून घ्या.

पहिली जात केबलवर चालणारी. बोची जी केबल ओढताना खाली सरकते, तिला रेस्टची बारीक दोरी बांधलेली असते. स्ट्रिंग ओढली की केबल दोरीला ओढते आणि लाँचर वर येतो. सोडली की केबल उलटी जाते, दोरी ढिली पडते आणि स्प्रिंग लाँचरला खाली आपटते. दुसरी जात लिम्बवर चालणारी. इथे स्प्रिंग लाँचरला वर ढकलत असते आणि लिम्बला, म्हणजे बोच्या वाकणाऱ्या पात्याला, बांधलेली दोरी त्याला खाली ओढून धरते. ओढताना लिम्ब वाकतो, दोरी ढिली होते, लाँचर आपोआप वर येतो. सुटल्यावर लिम्ब परत ताणून सरळ होतो तेव्हा लाँचरला खाली खेचतो. ही जात बाणाला जास्त वेळ, म्हणजे स्ट्रिंगच्या धावेच्या बऱ्याच भागात, आधार देते.

माझा कल दुसऱ्या जातीकडे आहे, आणि कारण अगदी व्यवहारी आहे. जंगलात दोरी तुटते. फांदीत अडकते, घासून झिजते, गाठ सरकते. साध्या केबलच्या रेस्टची दोरी तुटली की लाँचर खालीच राहतो आणि त्या दिवसाचं काम संपलं. लिम्बच्या रेस्टची दोरी तुटली की लाँचर वरच राहतो. व्हेन घासतील, बाण थोडा वाकडा जाईल, पण जवळचा बाण मारता येतो. शिवाय लिम्बची दोरी बांधायला बो प्रेसमध्ये, म्हणजे लिम्ब दाबून स्ट्रिंग-केबल ढिल्या करणाऱ्या यंत्रात, घालावा लागत नाही. केबलमध्ये दोरी विणून पक्की करायची तर प्रेस लागतो. क्लॅम्प लावूनही चालतं, पण क्लॅम्प सरकतात.

केबलच्या जातीतही बाण लॉक करून ठेवणारे रेस्ट आहेत, क्यूएडी कंपनीचे वगैरे. अंगठ्याने लाँचर वर उचलायचा, तो तिथेच अडकून राहतो आणि वरच्या दांडीखाली बाण कोंडला जातो. यांचा एक गुण मला फार आवडतो. हरीण आलं, तुम्ही ओढलंत, आणि ते ओकच्या बुंध्याआड थांबलं. अर्धा मिनिट, एक मिनिट. हात थकले, आता स्ट्रिंग हळूच परत आणायची. कंपाउंड ती परत घेताना मधेच हिसका देतो. हा क्षण फार वाईट असतो. साधा ड्रॉप-अवे तेव्हा खाली पडतो आणि बाण बोच्या धातूवर टक् करून आपटतो, मग हरीण डोंगरापलीकडे. लॉकवाले रेस्ट सावकाश परत आणलं तर वरच राहतात, फक्त बाण मारल्यावर पडतात. लिम्बच्या रेस्टमध्ये बाण भोवती कडी किंवा पिंजरा असलेला घेतला तर बाण उडून जात नाही, पण तो स्ट्रिंगबरोबर खाली-वर होतो, म्हणून खाली शेल्फवर, म्हणजे बोच्या बाणाखालच्या सपाट कडेवर, जाड फेल्ट चिकटवणं आलंच.

थंडीत ड्रॉप-अवेची परीक्षा असते. त्यात पिन, स्प्रिंग, खाचा असतात. काही लोक तिथे घरातलं शिलाई मशीनचं तेल घालतात. उणे पंधराला ते घट्ट होतं आणि लाँचर आळशी होतो. कोरडं ल्युब्रिकंट वापरा किंवा काहीच नको. आणि बो गरम गाडीतून, गरम केबिनमधून थंडीत नेऊ नका. आत आणला की धातूवर दव धरतं, बाहेर नेला की तेच दव पिनजवळ गोठतं. रात्रभर पडवीत किंवा गॅरेजमध्येच असू द्या.

इथपर्यंत काय झालं ते एकदा धरू. प्लंजर नको, ब्लेड नको, जुने दात नकोत. बिस्किट बाण धरून ठेवण्यात पहिला, व्हेनच्या बाबतीत मागे. ड्रॉप-अवे व्हेनच्या बाबतीत पहिला, पण त्याचे भाग हलतात, आणि त्यात लॉक किंवा कडी नसेल तर तुमची मूळ तक्रार तशीच राहते.

बाकी कशावर अवलंबून आहे? तुम्हाला बोशी खेळत बसायला आवडतं का, यावर बरंच. ड्रॉप-अवेचं टायमिंग, म्हणजे लाँचर नेमका कधी वर-खाली होतो ते, अधूनमधून तपासावं लागतं, आणि स्ट्रिंग-केबल बदलल्या की नव्याने लावावं लागतं. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्याने बिस्किटच घ्यावं. किती लांबून मारणार, यावर. चाळीस यार्डांचा सराव असलेल्याला ड्रॉप-अवेचा फायदा दिसू लागतो. तुम्ही पहिल्या वर्षी पंचवीसच्या पुढे मारू नका. कोणता ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं धारदार पात्यांचं टोक, लावणार, यावरही. मोठ्या स्थिर पात्यांचा ब्रॉडहेड पुढे पंख लावल्यासारखा वागतो, मागच्या व्हेनना तो सांभाळायला मोठं व्हावं लागतं, आणि मोठ्या वळवलेल्या व्हेन बिस्किटात लवकर खराब होतात. विस्कॉन्सिनचा नियम ब्रॉडहेड किमान ७/८ इंच रुंद आणि धारदार असावा असा आहे, आणि हरणासाठी बो किमान ३० पौंडांचा. तुमचे ५५ पौंड भरपूर झाले.

आणि जागा. बराबूकडचा भाग म्हणजे ड्रिफ्टलेस नावाच्या डोंगराळ पट्ट्याचे उतार. झाडावर बसायचा स्टँड चढावर असला की वरच्या बाजूचं हरीण तुमच्या पायांच्या उंचीवर आणि खालच्या बाजूचं थेट पायाखाली. तिथे कंबरेतून पुढे झुकून, बो तिरका धरून मारावं लागतं. पडू नये म्हणून झाडाला बांधलेल्या हार्नेसची पट्टी पाठीशी ताणलेली असते, तिच्यावर भार टाकून. (हार्नेस घालणार आहात ना? जमिनीवर असतानाच घाला, वर गेल्यावर नाही.) अशा जागी मला बाण चारी बाजूंनी कोंडलेला हवा असतो. त्यात वाद नाही.

तुमच्या जागी मी असतो तर यंदा साधं बिस्किट घेतलं असतं. ४० ते ६० डॉलर, दोन इंचांच्या कडक व्हेनचे अर्धा डझन बाण, आणि उरलेले पैसे सरावाच्या ब्लॉक टार्गेटवर. पुढच्या वर्षी हा छंद टिकला, बो बदललात किंवा लांबून मारायची सवय झाली, तर कडी असलेला लिम्बवर चालणारा ड्रॉप-अवे घ्या. हॅमस्की, व्हेपर ट्रेल ही त्यातली जुनी नावं. तेव्हा दीडशेच्या पुढे पैसे जातील, पण ते कशासाठी देताय हे तुम्हाला स्वतःच्या हाताने कळलेलं असेल. तुमच्या सहकाऱ्याने लॉकवाला ड्रॉप-अवे वापरून बघायला दिला आणि आवडला, तर तोही घ्या, मी भांडणार नाही. मायक्रो-अॅडजस्टच्या बारीक आकड्यांसाठी मात्र जास्तीचे पैसे देऊ नका. हंटिंगचा रेस्ट एकदा लावून घट्ट करायचा असतो.

ऑर्डर करण्याआधी दोन गोष्टी बघा. राइट-हँड की लेफ्ट-हँड हे स्ट्रिंग ओढणाऱ्या हातावरून ठरतं. उजव्या हाताने ओढता तर राइट-हँड, बो डाव्या हातात असला तरी. उलटा रेस्ट मागवून परत करायला आलेले लोक दर ऑगस्टमध्ये येतात. दुसरं, रेस्ट बोला कसा धरतो ते. जवळपास प्रत्येक कंपाउंडला मधे ५/१६-२४ आट्यांचं बर्गर होल असतं. हॉयट कंपनीचे आणि इथे विस्कॉन्सिनच्या स्पार्टात बनणारे मॅथ्यूजचे गेल्या काही वर्षांतले बो मागच्या बाजूला डव्हटेल खाचा घेऊन येतात, आणि त्यांच्यावर बसणारे रेस्ट वेगळे मिळतात. तुमचा बो जुना आहे, म्हणजे स्क्रूवालाच बघा.

घरी बसवता येईल का? बिस्किट, हो. स्क्रू घट्ट करण्याआधी बाण स्ट्रिंगला लावून ठेवा आणि तो बर्गर होलच्या मध्यातून, स्ट्रिंगशी काटकोनात जातोय ना ते बो-स्क्वेअरने, म्हणजे स्ट्रिंगला अडकवायच्या गुण्याने, बघा. मागचं टोक एक सोळांश इंच वर असलं तर चालतं. बाणाचा मध्य रायझरच्या (बोच्या मधल्या कडक भागाच्या) आतल्या भिंतीपासून साधारण ३/४ ते १३/१६ इंच ठेवून सुरुवात करा. कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तो घ्या. सगळं बसलं की स्क्रूवरून आणि बोवरून एकसलग जाणारी एक पांढरी रेघ पेंट मार्करने ओढा. जंगलात रेस्ट सरकला की नाही हे एका नजरेत कळतं, रेघ तुटलेली दिसते.

ड्रॉप-अवे पहिल्यांदा दुकानात बसवून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा. केबलवाल्यात लाँचर पूर्ण वर येतो तो ओढण्याच्या शेवटच्या एक-दोन इंचांत, हे दुसऱ्याने बाजूने पाहायचं आणि तुम्ही सावकाश ओढायचं. बाण लावून, टार्गेटच्या दिशेने. रिकाम्या स्ट्रिंगने कंपाउंड सोडलात तर लिम्ब फुटू शकतो. नवी दोरी पहिल्या काही दिवसांत ताणते, तेव्हा थोडे बाण मारून झाल्यावर पुन्हा तपासून घ्या.

व्हेन लागतात का हे ओळखायला पायाला मारायची पावडरची फवारणी मिळते, ती बाणाच्या मागच्या भागावर आणि रेस्टवर हलकी मारा आणि एक बाण सोडा. पावडर खरवडलेली दिसली की बाण कुठे घासला ते कळतं. बिस्किटात घासणारच, तिथे हा प्रयोग व्यर्थ. मग सहा फुटांवर कागद ताणून बाण मारा. एक गोल भोक आणि तीन चिरा दिसल्या तर ठीक. मागचं टोक एका बाजूला फाडत असेल तर रेस्ट अगदी थोडा हलवायचा.

शेवटी ब्रॉडहेड, आणि इथे लोक आळस करतात. साध्या टोकांचा ग्रुप २० यार्डांवर मारा, मग त्याच टार्गेटवर ब्रॉडहेडचा. (ब्रॉडहेडला चालेल असंच टार्गेट घ्या, गवताची गाठोडी त्याने चिरतात.) ब्रॉडहेड साध्या टोकांच्या डावीकडे जात असतील तर रेस्ट उजवीकडे सरकवा, उजवीकडे जात असतील तर डावीकडे. एकावेळी इंचाचा बत्तिसावा भाग, त्याहून जास्त नाही. दोन्ही ग्रुप एकात मिसळले की स्क्रू घट्ट, आणि जुनी रेघ पुसून नवी काढा.

नोव्हेंबरात बंदुकीचे नऊ दिवस सुरू झाले की बो घेऊन गेलात तरी केशरी किंवा गुलाबी कपडे घालावे लागतात. ढगळ व्हेस्ट घेऊ नका, स्ट्रिंग आणि रेस्टची दोरी तिच्यात अडकते. अंगावर जितकं जाड जॅकेट असणार आहे तितकंच घालून अंगणात सराव करा.

सीझन सप्टेंबरच्या मध्याला उघडतो. बेंचवर बो लावून घ्यायचा असेल तर जुलैत या. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे रांग असते आणि कोणालाच नीट वेळ देता येत नाही. येताना ज्या बाणांनी मारणार आहात तेच आणा, आणि तुमचं रिलीजही. लोक तेवढंच घरी विसरून येतात.